चटई उचलायला लागलेला वेळ

सावाई बेट,
मंगळवार, १४ मे

मालाकी, पेपेचा नातू, यास,

पत्राच्या सुरुवातीला चिरंजीव लिहितात, अनेक आशीर्वाद लिहितात. पाळकांच्या शाळेत मला तसंच शिकवलं होतं, आणि माझी शाळा म्हणजे तेवढीच, बायबल वाचता येईपर्यंत. पण तुला चिरंजीव लिहायला हात धजत नाही. ज्याला लिहायचं होतं तो आमच्या घराशेजारी सिमेंटखाली आहे.

तू खुशाल असशील असंही लिहीत नाही, कारण तू खुशाल आहेस हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मार्चात डोळा दाखवायला बोटीने आपियाला आले होते. बसमधून जाताना रस्त्याकडेला तुम्ही तुरुंगातली पोरं गवत कापत होतात. तू शेवटून दुसरा. जाडा झालायस. गाल वर आलेत. मी ड्रायव्हरला म्हटलं, "हळू घे." तो म्हणाला, "आजी, उतरायचंय का?" म्हटलं, "नाही रे, गवत बघत्ये." तू मान वर केली नाहीस. केली असतीस तर मी काय केलं असतं कोण जाणे. हातात अननस होता, तोच फेकून मारला असता बहुतेक.

मुद्द्यावर येते. मागच्या आठवड्यात पॅरोलच्या मंडळाकडून एक बाई आल्या, लेउतू नावाच्या. केस कापलेले, चप्पल दाराशी नीट लावलेली, वागायला बरी. तू सुटायचा अर्ज केलायस म्हणाल्या. पाच वर्षांतली अडीच झाली, आता तुला अर्ज करता येतो. माझ्यापुढे एक कागद ठेवला.

"आजी, इथे तुमचं म्हणणं लिहायचं. त्याला सोडावं की सोडू नये, आणि का."

बघते तर तीन रेघा. म्हटलं, "माणूस गेल्याबद्दल तीन रेघा?"

"मागची बाजू कोरी आहे," ती म्हणाली. चेष्टा नव्हती. खरंच सांगत होती बिचारी.

मग तिने सांगितलं की तुला अर्ज करायचा हक्क आहे आणि मला बोलायचा हक्क आहे. मी विचारलं, "आणि ओनोसाइला कसला हक्क होता?" ती पेनचं टोपण काढत घालत बसली. मग म्हणाली, "आजी, शिक्षा झालेला माणूस आज ना उद्या परत येतोच. कसा यावा, एवढंच आपल्या हातात असतं." पगारी बोलणं, पण बरं बोलली. मी तिला कोको दिला.

तुझ्याबद्दल बरंच सांगत होती. सुतारकाम शिकलास, चर्चमधले बाक बनवलेस, रविवारी गाण्यात पुढच्या रांगेत असतोस. मी ऐकून घेतलं. आमचा ओनोसाइही गायचा, बेसूर.

खरी गोम अशी की गावाने तुला हद्दपार केलंय, आणि राहायला जागा नसेल तर मंडळ सोडत नाही. गावच्या बैठकीने हुकूम मागे घ्यायचा तर तसं आमच्या घराने सांगायला हवं. आमच्या घराच्या वतीने बोलणारा मताई म्हणजे माझा भाऊ तौवागा. आणि तौवागा माझं तोंड बघितल्याशिवाय शिंकत पण नाही. म्हणजे फिरून फिरून कागद माझ्याच मांडीवर.

म्हणून तुला लिहिते आहे. त्या शनिवारचं मला तुझ्या हातचं हवं. कोर्टात तुझा वकील बोलला, पोलीस बोलला, तुझा काका बोलला. तू "गुन्हा कबूल" एवढं म्हणालास आणि खाली बसलास. मला वकिलाची भाषा नको. काय झालं ते लिही. खोटं लिहिलंस तर कळेल मला, तुझ्या बापालाही मी लहानपणापासून ओळखत होते.

इकडची हकीगत म्हणशील तर वादळाने नीरफणसाची दोन झाडं पाडली. डुकरीण व्याली, सात पिल्लं, एक पायाने अधू. तौवागाला दम लागतो तरी विड्या सोडत नाही. तुझ्या आजीच्या थडग्याभोवती गवत वाढतं, ते मी काढते. तुझा काका ऑकलंडला, बाकीच्यांना वेळ नाही. कुणीतरी काढायला हवं, दुसरं काही नाही.

फुआतिनो,
ओनोसाइची आजी


सोमवार, ३ जून

मालाकीस,

तुझं पत्र मिळालं. चार पानं. अक्षर तुझ्या आजीसारखं, उजवीकडे कललेलं, वाऱ्यात उभं राहिल्यासारखं.

दोनदा वाचलं. पहिल्यांदा चुलीशी बसून, दुसऱ्यांदा ओनोसाइपाशी. त्यालाही कळू दे म्हणून मोठ्याने वाचलं. आता खुळी झाली म्हण हवं तर.

तर क्रिकेट संपलं, तुमचा संघ हरला, दुकानामागे तुम्ही पोरं बसलात. ओनोसाइ तुला म्हणाला, "तुझा बाप बोटीवर गेला तो परत का आला नाही माहितीये? तुझं तोंड बघावं लागेल म्हणून." हे म्हणाला असणार. तशी जीभ त्याची होती, आणि ती त्याने माझ्याकडूनच घेतली होती. कोर्टात तुझ्या वकिलाने हे सांगितलं नाही. तू लिहितोस की तूच सांगू नको म्हणालास, मेलेल्याची निंदा नको म्हणून. बरं केलंस की वाईट, मला ठरवता येत नाही.

बॅट तुझ्या हातात होती. आपली ती तीन कडांची बॅट, माणूस सोड, रेड्याचं डोकं फुटेल. एकदाच मारलीस. मग त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलास, आणि तो म्हणाला, "आजीला सांगू नको." आणि तू पळालास.

"आजीला सांगू नको." अडीच वर्षं ते तुझ्यापाशी होतं. माझं होतं ते. माझ्या नातवाचं शेवटचं बोलणं तू खिशात घालून हिंडत होतास. पण दिलंस. देताना तुला किती जड गेलं तेही दिसलं, त्या पानावर दोन ठिकाणी खोडलंयस.

एलेईला फोनवर वाचून दाखवलं. ओनोसाइची आई ती, तिला हक्क आहे. ऑकलंडमध्ये ती म्हाताऱ्यांच्या आश्रमात कामाला आहे, जेवणाच्या सुट्टीत बोलते. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, कागदावर नाही लिहून टाक. सडू दे त्याला."

"पाच वर्षं झाली की सुटणारच आहे गं."

"मग पाच वर्षं सडू दे. माझं पोर काय अडीच वर्षांनी उठून येणारे?"

 तिचं काही चुकत नव्हतं. मग ती म्हणाली, "तू त्याची बाजू का घेतेस? पेपे मावशीमुळे?" मी फोन तौवागाच्या हातात दिला आणि डुकरांना घालायला गेले. डुकरांना सकाळीच घातलं होतं.

आता तुझ्या शेवटच्या पानाबद्दल.

तिथे तू माझे आभार मानलेस. लिहितोस, "आजी, तुमच्या घराने आमची माफी कबूल केली, पहाटे येऊन बसल्याबरोबर चटई उचललीत, म्हणून न्यायाधीशांनी माझी दोन वर्षं कमी केली. माझ्या आजीची शेवटची शरम तुम्ही झाकलीत. तिला रक्तदाबाने नेलं, पण मनाने शांत गेली असेल."

बसल्याबरोबर चटई उचललीत, हे तुला कुणी सांगितलं? काकाने? त्याने सांगितलं असेल. चटईखाली बसून माफी मागायचा इफोगा एकदा कबूल झाला की त्यावर परत बोलायचं नाही, ही आपली रीत. माणसं बसली, चटई उचलली, मिठ्या मारल्या, भाषणं झाली, संपलं. कोण किती रडलं, कोण काय म्हणालं, हे उकरून काढणं म्हणजे पुरलेलं वर काढणं. म्हणून तुमच्या घरातले तीस जण आणि आमच्या घरातले चाळीस जण, एकानेही तुला सांगितलं नाही. चांगलीच माणसं सगळी. रीत पाळणारी.

थोडा वेळ लागला होता, मालाकी. बसल्याबरोबर नाही उचलली. नोव्हेंबरचं ऊन तुला माहीत आहे. थोडं ऊन वर आलं होतं.

आणि चटईखाली कोण आहे ते आम्हाला कळायला मार्ग नव्हता. मताईने बसायचं असतं. तुमचा मताई म्हणजे तुझा काका, तो तिकडे ऑकलंडला अडकलेला. आम्हाला वाटलं, दुसरा कुणी बाप्या बसला असेल.

दिवा कमी दिसतो आहे. उरलेलं नंतर लिहिते. मंडळ २८ तारखेला बसणार आहे. कागद अजून कोरा आहे.

फुआतिनो


रविवार, २३ जून

मालाकी,

दिवा कमी दिसत नव्हता. भर दुपार होती. मी खोटं लिहिलं.

वीस दिवस त्या वाक्याने मला जेवू दिलं नाही. तुला दम दिला होता की खोटं लिहिलंस तर कळेल, आणि तू चार पानं खरं लिहिलंस. मी दीड पान लिहिलं आणि त्यात तीन खोटं. आज चर्चहून आले, जेवणाला बसले नाही, तौवागाला म्हटलं, "मला कुणी हाक मारायची नाही." हे पत्र संपेपर्यंत उठायचं नाही असं ठरवलंय, म्हणून शेजारी पाणी पण घेतलेलं नाही. पाणी घेतलं की माणूस लघवीला उठतो, आणि उठला की सटकतो.

ऐक.

तो बुधवार होता. ओनोसाइ सोमवारी गेला, आपियाच्या इस्पितळात. बुधवारी सकाळी त्याला बोटीने आणायचं होतं. तौवागा आणि दोघे जण पहाटेपासून घराच्या उजव्या अंगाला खड्डा खणत होते. आमच्याकडची जमीन म्हणजे सगळा काळा दगड, पहारीचा आवाज होत होता.

उजाडलं तेव्हा तुमची माणसं डाव्या अंगाला, अंगणात येऊन बसलेली होती. पावलं वाजवली नाहीत. माना खाली. पुढ्यात भट्टीचे दगड, लाकूडफाटा, केळीची पानं. म्हणजे आम्हाला भाजून खा, आम्ही हरकत घेणार नाही. आणि सगळ्यांच्या पुढे एक माणूस चटईखाली.

ती चटई बघितली आणि मी बसले ती उठलेच नाही.

चटई माझी होती. अर्धी माझी. तुझ्या आजीचं लग्न ठरलं तेव्हा आम्ही दोघींनी मिळून विणायला घेतली. केवड्याची पानं सोलायची, समुद्रात भिजत घालायची, वाळवायची, नखाने चिरून दोऱ्यासारखी बारीक करायची. दोन वर्षं लागली. ती एका टोकाने, मी दुसऱ्या टोकाने. तिची वीण अशी घट्ट की पाणी गळणार नाही. माझी बघून म्हणायची, "फुआ, तुझ्या बाजूने मासे निसटतील गं." मी म्हणायचे, "निसटू देत, तुझा नवरा पण त्याच बाजूने निसटेल." हसून हसून कडेची पिसं टाचायच्या तिच्या सुईचं टोक माझ्या अंगठ्यात गेलं होतं. डाग अजून चटईत आहे, लाल पिसांच्या शेजारी.

त्या घरातून ती चटई बाहेर निघाली म्हणजे तिने शेवटचं होतं ते आणलं होतं.

आणि चटईच्या कडेबाहेर तिचे पाय होते.

कोण आहे ते कळायला मार्ग नव्हता, असं मी लिहिलं. मालाकी, मी ते पाय साठ वर्षं ओळखते. डाव्या पायाचं करंगळीशेजारचं बोट वर चढलेलं. आठ वर्षांच्या असताना खडकावर दोघी निसरल्या, तिचं बोट मोडलं, माझा दात पडला. तिच्या आईला सांगितलं नाही म्हणून ते वाकडंच बसलं. माझ्यापासून दहा हातांवर ते बोट होतं. मी ओळखलं. पहिल्याच नजरेला ओळखलं.

तौवागा कुदळ टाकून, हात पुसून आला. सदरा घातला. रीत अशी की मताईने उठून चटई उचलायची, "उठा, तुम्ही आमचेच आहात" म्हणायचं. तो पायरी उतरायला लागला. मी म्हटलं, "बस."

तो म्हणाला, "अक्का, माणसं आलीयत."

"दिसतंय मला. बस."

भावाने थोरल्या बहिणीचा शब्द ओलांडायचा नाही. तुला मी शिकवायला नको. बहिणीच्या डोळ्यांतलं पाणी भावाच्या घराचं वाटोळं करतं असं आपल्याकडे मानतात. तो बसला. बाकीचे चाळीस जण त्याच्याकडे बघत होते, तो माझ्याकडे बघत होता, आणि मी त्या वाकड्या बोटाकडे.

सूर्य वर आला. सहा वाजले, सात वाजले. तौवागाच्या सुनेने कोको आणून दिला. मी प्यायले. तुला खरं सांगायचं म्हणून सांगते, मी तो पेला हळूहळू प्यायले, आणि साखर कमी आहे म्हणून परत मागवली.

आठाच्या सुमाराला तौवागा परत उठला. "अक्का, ऊन लागेल कुणालातरी."

"माझ्या पोराला बॅट लागली."

साडेनवाला पाळक आले. माझ्याजवळ बसून हळू आवाजात म्हणाले, "फुआतिनो, क्षमा करणं देवाचं काम, त्यात आपण वेळ लावू नये." मी म्हटलं, "देवाचं काम आहे ना, मग देवाला उतरू दे पायरी."  तुमच्यातल्या एका पोरीला घेरी आली, तिला बाजूला नेलं. चटई हलली नाही. चटईखालून एक शब्द नाही, खोकला नाही. नोव्हेंबरचं ऊन, आणि वर घट्ट विणलेली चटई, जिच्यातून वारासुद्धा जात नाही. निदान माझ्या अर्ध्या भागाखाली डोकं असतं तर वारा लागला असता. डोकं तिच्या बाजूला होतं.

मला काय हवं होतं म्हणशील? मला कुणालातरी दुखवायचं होतं. तू पोलिसांच्या ताब्यात होतास, तिथे माझा हात पोचत नव्हता. तुझ्या बदली दुखवता येईल असं एकच माणूस होतं, ज्याने तुला दुधापासून वाढवलं, आणि ते माझ्या अंगणात आपणहून येऊन बसलं होतं. मी म्हटलं, ही हाक मारेल. "फुआ" म्हणून एकदा हाक मारेल, मग बघू. ती हाक मारणार नाही हे मला माहीत होतं. चटईखालच्या माणसाने बोलायचं नसतं, आणि पेपेने रीत कधी मोडली नाही. साठ वर्षांत मोडली नाही, तेव्हा काय मोडणार होती?

साडेदहा वाजता धक्क्याहून निरोप आला, बोट लागली, ओनोसाइ येतोय. तेव्हा मी तौवागाला म्हटलं, "उचल." ते पण दयेने नाही. पोर घरी येताना अंगणात गर्दी नको म्हणून.

त्याने चटई उचलली. पेपे एका कुशीवर कलली होती. ओठ पांढरे. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "किती वेळ लावलास गं, फुआ. माझा पाय झोपला."

एवढंच. त्यात राग नव्हता. चिंचा काढायला उशिरा आले की म्हणायची तसंच. मी तिला उठवायला हात दिला, तर तिचा हात माझ्या हातात नुसताच. तोंड एका बाजूला गेलं होतं. मग सगळ्यांनी उचलून गाडीत घातलं. एका गाडीतून ओनोसाइ उतरला आणि दुसऱ्या गाडीतून ती गेली. नऊ दिवस होती इस्पितळात. बोलली नाही. मी गेले नाही. मातीला गेले, मागे उभी राहिले. तुला आणायला पोलीस तयार होते, गावच्या बैठकीने नको म्हटलं, आणि त्या दिवशीही मी गप्पच होते.

डॉक्टरने रक्तदाब लिहिला. खोटं नाही ते, रक्तदाब होताच तिला. कोर्टात न्यायाधीशांनी वाचून दाखवलं, "मृताच्या कुटुंबाने मोठ्या मनाने माफी स्वीकारली." सगळे माझ्याकडे बघून माना हलवत होते. मी पंखा घेऊन वारा घेत होते. तेव्हा उठून बोलायला हवं होतं. मी मनाशी म्हटलं, बोलले तर पोराची कमी झालेली दोन वर्षं परत चढतील, पेपेचं बसणं फुकट जाईल. बघ कसं असतं. माझी लाज मी तुझ्या भल्याच्या कापडात गुंडाळली आणि अडीच वर्षं बाळगली. परवा लेउतूबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "तसं काही होत नाही, आजी. झालेला निकाल तुमच्या बोलण्याने बदलत नाही." म्हणजे तेही निमित्तच होतं.

तुझा हात उठला. माझा उठला नाही. दोन्हींनी माणूस गेलं. तुला पोलीस आले, न्यायाधीश आले, वर्षं मोजून मिळाली, सुतारकाम मिळालं, आता मंडळ विचारतं आहे की पोरगा सुधारला का. मला कुणी विचारत नाही. मला चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसवतात. कितीदा वाटलं, बेड्या घालणारं कुणी आलं तर बरं होईल, निदान कधी संपेल ती तारीख तरी सांगतील.

आता कागदाचं.

तीन रेघांत मावलं. लिहिलं, "सोडा. गाव घेईल. त्याने खरं सांगितलं." मागच्या कोऱ्या बाजूला वर लिहिलेलं सगळं लिहिलं, वाकडं बोट सोडून. ते फक्त तुला. तौवागा मंगळवारी बैठकीत बोलला, हद्दपारी उठली. दोघे कुरकुरले, तौवागा त्यांना म्हणाला, "माझ्या बहिणीला सांगा जाऊन," मग कुणी कुरकुरलं नाही. एलेईला सांगितलं. ती म्हणाली, "आई, मी हे तुला कधी विसरणार नाही," आणि फोन ठेवला. कुठलं विसरणार नाही, तुला सोडा म्हटल्याचं की पेपेचं, ते विचारायला मी परत फोन लावला नाही. ती लावील तेव्हा लावील. नाही लावणार कदाचित. माझी एकुलती एक आहे.

मी तुला माफ केलं असं समजू नकोस. त्या दिवशी उचलली ती घराची माफी होती. माझी स्वतःची अजून झालेली नाही. कधी कधी सकाळी होते आणि दुपारी ओनोसाइची वही सापडली की परत जाते. तुला सोडा म्हणाले, कारण माणसाला कोंडून ठेवायचं ते कशासाठी आणि कुठवर, याचा विचार मी करायला बसले, आणि मला दिसलं की माझ्या अंगणात तो विचार मी एवढ्या तासांत एकदाही केला नव्हता.

लेउतूबाई म्हणतात, मंडळ शुक्रवारी हो म्हणालं तर तुला सोमवारी सकाळी आठला सोडतील. शुक्रवारी नाही म्हणालं, तर शनिवारी भेटीचा दिवस असतो. दोन्हींतलं जे होईल त्या दिवशी मी येईन. आदल्या दिवसाची बोट धरू, तौवागा बरोबर आहे. लाकूडफाटा तो आणेल, केळीची पानं आपियात मिळतील. दगड मी एकच आणीन, गुडघे बोलतात. फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे, जिथे सावली नाही तिथे बसेन. पहारेकऱ्यांना बाईंनी सांगून ठेवलंय. सांगताना बाई रडल्या. मी म्हटलं, "तुम्हाला काय झालं रडायला? तुमची तर मैत्रीण नव्हती."

चटई पेटीतून काढून दोन दिवस वाळवली. इफोगात आलेली चटई आपल्याकडे घरात ठेवतात, मान म्हणून. मी तिच्यावर कधी पाहुणा बसवला नाही.

तू ती उचललीच पाहिजेस असं नाही. मी आले म्हणून तुझ्यावर बंधन नाही, तू अंगावरून निघून गेलास तरी तुझा हक्क आहे, हा शब्द मी लेउतूबाईंकडून शिकले. काकाला विचारू नकोस, पाळकांना विचारू नकोस. आणि घाई करू नकोस. मी न्याहरी करून येणार नाही, पण त्याची काळजी तुला नको. दहा वाजोत, अकरा वाजोत. तुला कोको प्यायचा असेल तर पी.

डोकं मी पेपेच्या बाजूला घालीन, जिथून वारा येत नाही.

चि. मालाकी, वर लिहायचं राहिलं ते इथे लिहिते. जगून राहा. दोघी म्हाताऱ्यांनी मिळून तुम्हा दोघांतला एकच वाचवला, तोही धड नाही.

आशीर्वाद लिहीत नाही. तो देणारीने आधी चटईखालून उठावं लागतं.

पाय बाहेर ठेवीन. कोण आहे ते माहीत नव्हतं, असं तुला म्हणता येऊ नये म्हणून.

फुआतिनो